डाव्या बाजूचं पदक

निवृत्त लेफ्टनंट कर्नल डॉ. मालतीताई सबनीस यांची आणि माझी ओळख झाली ती आमच्या ह्यांनी भर सभागृहात केलेल्या आगाऊपणामुळे.

जपानमधल्या कोतो भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा प्रजासत्ताक दिन होता. मोठ्या भूकंपाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, अधूनमधून हादरे बसतच. मुलाकडे राहायला आलेल्या ताई सुती साडी नेसून आल्या होत्या. डाव्या खांद्याखाली शौर्यपदक होतं. आमचे हे नौदलातून निवृत्त होऊन कंपनीच्या नोकरीसाठी इथे आलेले, नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दिवंगत पतीचं पदक पत्नीने उजवीकडे लावायचं, असा फौजेचा रिवाज. हे लगबगीने पुढे झाले.

"काकू, साहेबांचं पदक उजवीकडे लावतात."

"बरोबर. पण आमचे साहेब बँकेत होते," ताई म्हणाल्या. "हे माझं आहे. मी सर्जन होते."

ह्यांनी खाडकन सलाम ठोकला. तेवढ्यात जमीन हलली. तोरणासाठी लावलेली शिडी काचेच्या दारावर आदळली आणि आमच्या सईला बाजूला ओढताना ह्यांच्या मांडीत काच शिरली. रक्ताची चिळकांडी उडाली. ताई खाली बसल्या, ह्यांच्या जांघेत मूठ रोवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला.

"मॅडम, काच काढायची का?" कुणीतरी विचारलं.

"हात लावाल तर याद राखा!"

सईने ताईंचा पदर ओढला. "आजी, बाबा दाइजोबु? ठीक आहेत ना?"

"अजून माहीत नाही, बाळा. तू दारात जा, ॲम्ब्युलन्सवाल्यांना इकडे घेऊन ये."

ते आले, ताईंना अदबीने बाजूला व्हा म्हणू लागले. ताईंनी त्यांच्यातल्या एकाचा हात आपल्या मुठीच्या जागी नीट दाबून बसवला, मगच त्या उठल्या.

हॉस्पिटलमध्ये ताईंची बोटं सरळ होईनात. मी ती चोळत बसले. काहीतरी बोलायचं म्हणून पदकाबद्दल विचारलं.

"एकाहत्तरचं युद्ध. आमच्या तंबूच्या आसपास तोफगोळे पडत होते. खंदकात जायचा हुकूम झाला. मी एका जवानाची नस अशीच दाबून बसले होते. सोडून कशी जाणार?"

"वाचला ना तो?"

आत ह्यांचं ऑपरेशन चालू होतं. दुसरं कुणीही 'हो' म्हणालं असतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "पदक लावलं की तोच आठवतो."

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. पण त्यांनी माझा हात सोडला नाही. डॉक्टर बाहेर येऊन जपानीत सांगू लागले. आम्हा दोघींनाही धड काही कळेना. शेवटी सईच ओरडली, "आई, बाबा वाचले!" आणि ताई माझ्याआधी रडल्या.

जपानमध्ये त्यांना डॉक्टरकीचा परवाना नाही आणि त्या ती करतही नाहीत. पण मंडळातल्या कितीतरी बाळंतिणींच्या उशाशी त्या बसल्या आहेत. नवऱ्यांना कामाला कसं लावायचं, तेही त्यांनीच शिकवलं.

यंदा ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. रोज कुंकू लावताना मी देवाकडे हेच मागते.