जोडाशेजारची धार

अंगणातल्या पाण्याच्या पाइपला गेल्या वर्षी फुगा आला, तेव्हा यांनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली होती. आज नळ सोडला, तर पट्टी जागच्या जागी आणि तिच्या अगदी शेजारून पाण्याची बारीक धार.

काल डॉक्टरही असंच काहीसं सांगत होते. यांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा फुगवटा काढून नळी बसवली, ते टाके शाबूत आहेत. पण शेजारची भिंत पुन्हा फुगली आहे. जी प्रतिकारशक्ती राखणीला असायची, तीच यांच्या रक्तवाहिन्या सुजवते. तिला आवरणाऱ्या गोळ्या चालू होत्या ना, असं त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेहरा सुजायचा, म्हणून दिवाळीपासून बंद केल्या."

रोज सकाळी चहा देताना मी विचारायचे, "अहो, गोळी घेतली?" आणि रोज "हो" यायचं. शरीराचं मी समजू शकते, त्याला आपलं-परकं कळेनासं झालंय. त्या "हो"चं काय करू?

धार माझ्या पायावर पडत होती. व्हरांड्यातून यांनी विचारलं, "पट्टी टिकलीय ना गं?"

"हो," मी म्हटलं.