कार्ड डबीतच होतं

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शाळेत वह्या तपासत बसलो होतो. गल्लीतल्या एकाचा फोन आला, "सर, व्यंकू गेला की हो. सकाळी कारखान्यातच छातीत कळ आली म्हणं." हातातलं लाल पेन तसंच राहिलं आणि मनात पहिलं वाक्य आलं ते असं, की चला, आता त्याला कधीच कळणार नाही. दुःख नंतर आलं. पुष्कळ आलं, अजून येतं. पण त्याच्या आधी हे दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं... त्याला आता सहा आठवडे झाले. व्यंकटेशला जे कळू नये म्हणून बारा वर्षं जपलं, तेच आता मी चारचौघांत सांगायला बसलो आहे.

व्यंकटेश सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बँडवाल्यांमध्ये गेला की दखनी. काम चादरींची नक्षी काढायचं. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून तो मोर उभा करायचा, आणि कारखान्यात त्याबरहुकूम धागे उचलले जायचे. पुढं हे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि तो कारखान्यात माल तपासायला लागला. मी दोन गल्ल्या पलीकडं राहणारा मास्तर. त्याची मुलगी रेणुका माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्याचा 'सर' झालो तो शेवटपर्यंत. वयात दोन वर्षांचं अंतर, तरी मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'तुमी'. मैत्री घट्ट होती, पण हा फरक कधी पुसला गेला नाही. पुढं जे घडलं त्यात या फरकाचा मोठा हात आहे.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकानं दुकान बंद केलं, तेव्हा त्याचा जुना डिजिटल कॅमेरा आम्ही दोघांत मिळून घेतला. त्याचा मागचा पडदा काळा पडलेला होता. म्हणजे फोटो काढता यायचे, पण कसे आलेत ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय दिसायचं नाही, आणि कॉम्प्युटर होता फक्त माझ्या घरी. मग ठरून गेलं. फोटो काढून झाले की व्यंकूनं कार्ड काढायचं, प्लॅस्टिकच्या चिमुकल्या डबीत ठेवायचं आणि कॅमेऱ्यासकट माझ्याकडं आणून द्यायचं. मी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि कार्ड रिकामं करून परत डबीत ठेवायचं. मग सवडीनं दोघांनी शेजारी बसून बघायचं. अर्धा आठवडा कॅमेरा त्याचा, अर्धा माझा.

फोटो काढायला शिकायचं कुणावर, हा प्रश्न होता. एकटा माणूस आमच्यासमोर बसायला तयार होईना. पण ग्रुप फोटो सगळ्यांनाच हवा असतो आणि फुकट असला तर फारच हवा असतो. भजनी मंडळ, बचत गटाच्या बायका, कुणाचा निवृत्तीचा समारंभ, लेझीमचं पथक... बोलावतील तिथं आम्ही जायचो. व्यंकूचा पहिला ग्रुप माझ्याच शाळेचा. त्यानं सगळ्यांना चौकटीच्या कागदासारखं उंचीप्रमाणं लावलं. मुख्याध्यापक बुटके, ते गेले कडेला. शिपाई उंच, तो आला मधोमध. गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर, जे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते आले खांद्याला खांदा लावून. मी खुणा करतोय, याचं लक्ष नाही. घरी येऊन फोटो लावला तर हा बोट टेकवून डोळे मोजत बसला. "बावीस माणसं सर, अन् अडतीस डोळे. तिघं झोपली की!" तेव्हापासून डोळे मोजणं हा त्याचा नियमच झाला. मग कुणाकडून तरी एक युक्ती शिकून आला, की सगळ्यांना आधी डोळे मिटायला लावायचे आणि तीन म्हटलं की उघडायचे. बचत गटाच्या बायकांनी डोळे मिटले ते मिटलेच. एकीनं हात जोडून प्रार्थनाच सुरू केली.

खरं तो शिकला ते बँडच्या तालमीत. यंत्रमागांच्या शेडमागं एका पत्र्याच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी एका बँड पार्टीची तालीम चालायची. चौदा माणसं. त्यांचे वस्ताद युसूफमामा, क्लॅरिनेट वाजवायचे. व्यंकू सुरुवातीला वाजवतानाचे फोटो काढायचा आणि ते सगळे विचित्र यायचे. गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले, ट्रंपेटवाला तर गुदमरल्यासारखा दिसायचा. एकदा मामाच म्हणाले, "बजाते वख्त कायकू निकालता रे? बजाने के पैले देख." दुसऱ्या गुरुवारी व्यंकूनं पाहिलं. मामांचा हात वर जातो, सगळे मिळून एक श्वास घेतात, आणि त्या श्वासाला चौदाही माणसं एकाच जागी बघत असतात, डोळे टक्क उघडे. सूर अजून निघालेला नसतो. "तेवढ्यात दाबायचं, सर," तो मला सांगत होता, आणि सांगताना स्वतःच श्वास धरून बसला होता. पुढं तो सगळ्या ग्रुपना हेच करायला लावायचा. 'स्माईल' वगैरे काही नाही. "आता गाणं म्हणायचंय, समदी श्वास घ्या!" म्हणायचा आणि त्या क्षणी दाबायचा. लोक जिवंत दिसायचे. मला ते शेवटपर्यंत साधलं नाही.

आता तो दिवस. युसूफमामांचे पुढचे दात गेले होते, क्लॅरिनेट धरवत नव्हतं. एका रविवारी त्यांनी शेवटचं लग्न वाजवलं आणि वरातीनंतर, वर्दी उतरवण्याआधी, चौदा जण ओळीनं उभे राहिले. व्यंकूनं चाळीसेक फोटो काढले. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "वर्दी एक बार उतारी, सो उतारी. फिर नको बोलना." म्हणजे हा फोटो पुन्हा निघणार नव्हता. त्याच संध्याकाळी त्यानं कॅमेरा आणि डबी माझ्या दारात दिली, "सर, जपून हां, लई भारी आलं आसणार," म्हणाला. सोमवारी माझ्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ. सकाळच्या घाईत मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, फोटो उतरवून घेतलेत असं समजलो आणि सगळे पुसून टाकले. त्याच कार्डावर दिवसभर मुलांचे फोटो काढले.

संध्याकाळी व्यंकू आला, पेढे घेऊन. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "लावा की सर." मी फोल्डर शोधायला लागलो. नव्हतं. दुसरीकडं पाहिलं. तिथंही नव्हतं... मग सकाळचं सगळं लख्ख आठवलं. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याच्या शर्टाला कारखान्याच्या तेलाचा वास येत होता. आणि मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, "कार्ड डबीतच होतं, व्यंकू. तू कॅमेऱ्यात घातलंच नव्हतंस."

तो म्हणाला, "मी काढून डबीत ठेवलं की, सर."

"ठेवलंस म्हणतोस. पण घातलं होतंस कधी? ते डबीतच राहिलेलं. कार्डाशिवायही तो कॅमेरा टक् टक् करतो, माहितेय ना तुला?"

कार्ड काढताना बोटांना लागलेली ती कड त्याला आठवत असणार, कारण त्याची बोटं तशी हलत होती. पण समोर मी होतो, रेणुकाचे सर. शेवटी म्हणाला, "आसंल. गडबडीत हुतो मी." माझ्या शब्दापेक्षा त्याला स्वतःची आठवण हलकी वाटली. पेढ्यांचा पुडा तो टेबलावरच ठेवून गेला.

माफी मागायला तो गुरुवारी युसूफमामांच्या घरी गेला. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. आणि त्या दिवसापासून कुठल्याही ग्रुपसमोर उभा राहिला की आधी कॅमेऱ्याचं झाकण उघडून कार्ड सगळ्यांना दाखवायचा, "बघा, कार्ड हाय हां!" लोक हसायचे. बँडवाले तर ताशावर एक थाप द्यायचे. घरीही तेच. कुलूप तीनदा ओढून बघायचा, गॅस बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचा. त्याची बायको पद्माताई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "कार्ड न घालता फोटो काढणारा माणूस हा, ह्याच्या भरवशावर घर सोडायचं व्हय?" तो हसायचा. मीही हसायचो. हे लिहिताना हात जड होतो, पण हसायचो हे खरं आहे.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा अक्कलकोटकडं एका लग्नाला बँडच्या टेम्पोत दोघं मागं बसलो होतो. मी सुरुवात केली, "व्यंकू, त्या कार्डाचं..." तो लगेच म्हणाला, "जाऊ द्या की सर, त्याच्यामुळंच तर मी शिकलो." मी विषय सोडून दिला आणि वर त्यानंच थांबवलं अशी स्वतःची समजूत घातली. तो चिडेल याची भीती मला कधीच नव्हती, तो हसूनच सोडून देणार होता. भीती होती ती एवढीच, की त्यानंतर तो मला 'सर' म्हणेल तेव्हा तो शब्द पूर्वीसारखा राहणार नाही. इतक्या लहान गोष्टीसाठी मी एका माणसाला बारा वर्षं वेंधळा ठरू दिलं.

दहाव्या दिवशी त्यांच्या घरी माणसं बसली होती. युसूफमामा रिक्षानं आले होते, आता ऐंशीच्या घरात आहेत. बोलता बोलता विषय निघाला तो कार्डाचाच. कुणीतरी त्याची नक्कल केली, "कार्ड हाय हां!" आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी सगळी हसली. पद्माताईही हसल्या. मला वाटलं, हा माणूस आता कायमचा असाच राहणार, कार्ड विसरणारा. मी उठलो, पाणी प्यालो, परत येऊन बसलो, आणि सांगितलं. सगळं. पुसलेले फोटो, डबी, माझं वाक्य, जसंच्या तसं.

मग पद्माताईंनी विचारलं, "म्हणजे... ते विसरले न्हवते?"

"नाही."

"बारा वर्षं मी त्यांना बोलले, भाऊजी. तुमच्यासमोर बोलले. तुमी चहा पीत बसायचा हितं!" एवढं बोलून त्या आत गेल्या. मी मान वर केली नाही. युसूफमामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हर जुमेरात आता था माफी मांगने. मैं बोला, माफी नको रे, फोटू निकाल. तेरा झूट नै होता तो आता था क्या वो?" त्यांचा हेतू चांगला होता आणि मला ऐकून बरंही वाटलं. पण तो जे शिकला ते त्याच्या गुरुवारांनी शिकला. त्यात माझ्या खोट्याचा वाटा मी धरत नाही.

चार दिवसांनी पद्माताईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "रेणुकाला पुण्याला सांगितलं मी. ती म्हणली, पप्पा बरोबर हुते म्हणजे. लई रडली, पण बरं वाटलं म्हणली." मग म्हणाल्या, "माझा राग गेलेला न्हाय. पण जी जी माणसं त्यांना हसली, त्यांना तुमी सोता सांगायचं. मी न्हाय सांगणार." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास घेता आला. मरणाच्या बातमीनं सुटल्यासारखं वाटलं होतं ते वेगळं. त्यात दार लावून घेतल्याची निश्चिंती होती. आता दारं उघडी आहेत, लोक आत येऊन काय वाटेल ते म्हणतात, आणि मला रात्री झोप लागते.

पहिला गेलो तो बँडमधल्या ताशावाल्या गुरुनाथकडं. मूळचा मैंदर्गीचा, चिडवण्यात सगळ्यांच्या पुढं. चहाच्या गाड्यावर त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला, बशीतला चहा निवून गेला. मग म्हणाला, "मंग बारा वर्सं मी चुकीच्या मानसाला चिडवलं की ओ." मी मान हलवली. "व्यंकूची माफी मागायची तर तो न्हाय. तुमाला सोडतोय व्हय मी?" तेव्हापासून मी रस्त्यानं दिसलो की तो भर बाजारात हाक मारतो, "ओ डबीसर!" शाळेतल्या दोन मुलांनी ऐकलंय, म्हणजे आता ते वर्गात पोचणारच. मी ओ देतो.

चौदा जणांतले मामा दहाव्याला व्यंकूच्या घरीच होते. दोघं आता या जगात नाहीत. उरले अकरा. त्यातल्या चौघांना, गुरुनाथ धरून, समक्ष सांगून झालं. एक मुकाट्यानं आत निघून गेला, एकानं जेवायला बसवलं. बाकीच्यांतले काही सोलापुरात नाहीत, एक अकलूजला आहे, एकाचा पत्ता अजून लागत नाही. यातले बरेच जण वर्तमानपत्र वाचत नाहीत, त्यामुळं इथं लिहून माझी सुटका होत नाही. व्यंकूला सांगायचं होतं ते आता कधीच सांगता येणार नाही. सात जणांना सांगायचं राहिलं आहे.