बिनतक्रारीची भाडेकरू

टाचणीबाईंना हे नाव दुकानानं दिलं. नवऱ्याच्या माघारी त्यांनी कपडे अल्टर करण्याचं दुकान एकटीनं चालवलं. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे मोजकं बोलायची सवय लागली ती लागलीच. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान विकून त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे भाड्यानं द्यायला एक लहानसं घर घेतलं. एक खोली, स्वयंपाकघर, मागे चिंचोळी बाल्कनी. मुलगा दूर देशी होता आणि त्याच्यापुढे हात पसरणं बाईंच्या रक्तात नव्हतं. घराचं भाडं हीच म्हातारपणाची काठी.

पण घर घेणं सोपं, भाडेकरू सांभाळणं महाकर्मकठीण. पहिल्यानं भिंतींची चाळण केली. दुसरा विजेचं बिल थकवून एका पहाटे सामानासकट गायब झाला. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ असं बाईंना झालं असतानाच एजंटानं ती मुलगी आणली. चष्म्याच्या दुकानात नोकरी, तिशीची, एकटी, आवाज इतका खालचा की कान टवकारावे लागत. करारावर सह्या बाईंच्याच बैठकीच्या खोलीत झाल्या. मुलगी सोफ्याच्या कडेला बसली, चहा प्यायली, आणि खोलीभर सावकाश नजर फिरवत म्हणाली, “घर छान लावलंय तुम्ही.”

त्यानंतर बाईंना भाडेकरू आहे हेच विसरायला झालं. भाडं वेळेवर. नळ गळतो, दार घासतं, अशी एकही कुरकुर नाही. एजंट म्हणे, “काकू, अशी भाडेकरू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.”

एक दिवस भाड्यानं दिलेल्या घराच्या इमारतीतले तळमजल्यावरचे मास्तर बाईंना रस्त्यात भेटले. थोडे रागावलेलेच होते.

“काय हो, हल्ली ओळख दाखवत नाही? परवा जिन्यात हाक मारली, तर नुसती मान हलवून वर गेलात!”

“मी? मी तर तिकडे फिरकलेच नाही.”

“असं कसं? कठड्याला हात लावत, एकेक पायरी चढत. तुमचं चालणं मी ओळखत नाही होय?”

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी हसून सोडून दिलं, पण मनात पाल चुकचुकली.

दुसरी चावी त्यांच्याकडे होती. ती किल्ल्यांच्या जुडग्यात रोज हाताला लागे. घर आपलं, पण कुलूप उघडायचा हक्क आपला का? माणूस राहायला आलं की उंबऱ्याच्या आतलं त्याचं. शेवटी त्यांनी सरळ फोन केला. “बाल्कनीच्या भिंतीला ओल आलीय का, बघून जाईन म्हणते.”

“या ना,” मुलगी म्हणाली. “रविवारी दुपारी घरीच असते मी.”

रविवारी लख्ख ऊन होतं. बाई आत आल्या, चपला काढल्या, आणि उजवीकडे हात नेऊन पिशवी खुंटीला अडकवली. अडकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, या घरात इथं आधी खुंटी नव्हतीच. खुंटी होती ती त्यांच्या स्वतःच्या घरात.

मग एकेक दिसायला लागलं. दाराच्या डावीकडे गोल घड्याळ. फिक्या निळ्या कापडाचे पडदे, खाली दुहेरी दुमड घातलेले. अशी दुमड बाईच घालत, कापड झुळझुळत राहू नये म्हणून. सोफा नव्हता, पण सोफ्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं बाकडं. कोपऱ्यात स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या.

“हे सगळं…” बाईंनी पडद्याची दुमड बोटांत धरून पाहिली.

“तुमच्याकडे बघितलं ना मी,” मुलगी सहज म्हणाली. “मला घर कसं लावतात ते ठाऊकच नव्हतं. लहानपणापासून वसतिगृहात वाढले. एक खाट, एक पेटी. तुमच्याकडे बसले, म्हटलं, असं असतं होय घर!”

बाईंना भरून आलं. बिचारीला कुणी नाही, आणि आपण काय काय मनात आणलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओल बघायला मागे गेल्या.

बाल्कनीच्या दाराशी वेताची खुर्ची होती, तोंड भिंतीकडे. खुर्चीच्या पाठीवर तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर, डावा खांदा किंचित खाली ओघळलेला.

बाई दाराशीच थांबल्या. तसा स्वेटर, तसाच ओघळलेला, त्यांच्या आतल्या खोलीत नवऱ्याच्या खुर्चीवर होता. नवरा गेल्यापासून तो कुणी हलवला नव्हता. त्या खोलीचं दार पाहुण्यांसमोर कधी उघडत नसे; सह्यांच्या दिवशीही बंदच होतं.

“इथं कोण बसतं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही.” मुलगी चहाचं आधण ठेवत होती. मग त्याच खालच्या आवाजात म्हणाली, “तुमच्याकडे बसतं का कुणी?”

चहा न घेताच बाई घरी आल्या.

कराराची मुदत संपत आली होती. एजंटाला त्यांनी पडद्यांचं सांगितलं आणि म्हणाल्या, “पुढे वाढवायचा नाही.”

“का पण? कारण काय सांगू तिला? पडदे?” एजंट वैतागला. “काकू, घर रिकामं राहिलं तर खाल काय?”

त्याचं चुकत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. गुणाच्या भाडेकरूला विनाकारण काढायचं, म्हणजे उद्या पुन्हा भिंतींची चाळण. पण आतल्या खोलीचं दार लावलं तरी बाई रात्री दोनदा उठून कडी तपासायला लागल्या होत्या. शेवटी त्या खोटं बोलल्या: मुलगा परत येतोय, घर हवंय.

“बरं,” मुलगी म्हणाली. वाद नाही, विनवणी नाही. जाताना तिनं खुंटीचं भोकसुद्धा बुजवून, वर रंग लावून दिलं.

नंतर आलं ते नवं जोडपं. ते मोठ्यानं भांडत, भाडं रखडवत, नळासाठी दिवसातून दोनदा फोन करत. बाई त्यांच्यावर करवादत, पण फोन ठेवताना त्यांना हलकं वाटे.

हिवाळ्याच्या तोंडाशी बस स्टॉपवर ती मुलगी दिसली. बाईंनी आधी ओळखलंच नाही. केस मानेपर्यंत कापलेले, भडक लाल स्वेटर, आणि कुणाशी तरी फोनवर बोलताना ती खदाखदा हसत होती. बाईंच्या घरात ती कधी नुसती हसलीही नव्हती.

“कशी आहेस गं?” बाईंनी विचारलं.

मुलीनं फोन खाली घेतला. नजर स्वच्छ होती, जराही ओशाळलेली नाही. “माफ करा, आपण…?”

“अगं, मी. तू माझ्याकडे भाड्यानं…”

“हो का?” तिनं खरोखरच आठवून बघितलं. “मी इथंच जवळ राहते हल्ली. घरमालकीणबाई फार मजेशीर आहेत हो, सारख्या हसवतात!” आणि ती पुन्हा हसली, मांडीवर थाप मारून, एखाद्या जाड्या म्हाताऱ्या बाईसारखी.

तिची बस आली. ती चढून गेली.

सुटले, असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. आपल्याच अंगातून कुणी बिऱ्हाड हलवून नेल्यासारखं बाईंना पोकळ वाटत राहिलं. त्यांनी आपली बस जाऊ दिली, मग आणखी एक. तिसरीत चढल्या तेव्हा कंडक्टरनं विचारलं, “कुठं जायचंय, काकू?”

टाचणीबाईंनी तोंड उघडलं, आणि बराच वेळ त्यांना ते आठवेना.