अण्णांच्या कलिंगडांची सरासरी गोडी

शपथेवर सांगतो, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, शंभर टक्के नव्हे, पंचाण्णव. संगमनेरच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या शेळके सरांशेजारी माझं टेबल आहे. तिथं बसणाऱ्याकडं किस्से आपोआप साठतात, मी फक्त झाकण उघडतो.

शेळके सर एकच आकडा कधी देत नाहीत. इतक्यापासून इतक्यापर्यंत, वर खात्री किती टक्के तेही. एकदा वहिनींनी फोनवर विचारलं, घरी कधी येणार?

"साडेसहा ते साडेसात. पंचाण्णव टक्के."

वहिनी म्हणाल्या, शंभर टक्के खात्रीनं सांगा.

"मग कधीतरी येईन!"

त्या दिवशी जेवणही कधीतरीच मिळालं.

*

वर्गात ते प्रवरेतलं जाळं सांगतात. खरी सरासरी म्हणजे जागचा न हलणारा मासा. नमुना घ्यायचा, जाळं टाकायचं. शंभरदा टाकलं तर साधारण पंचाण्णवदा मासा आत.

पारनेरच्या एका पोरानं विचारलं, "सर, आत्ताच्या जाळ्यात हाय का न्हाई?"

"ते कळत असतं तर जाळं कशाला टाकलं असतं?"

पोरगं खाली बसता बसता म्हणालं, "आमच्याकडं नदीलाच पानी न्हाई."

*

आता कोल्हारचं. वहिनींचे वडील अण्णा बागायतदार. जावयाचं शास्त्र म्हणजे नुसती टाळाटाळ, असं ते चारचौघांत बोलून दाखवत. यंदा व्यापाऱ्यानं त्यांच्या कलिंगडांची सरासरी गोडी विचारली. इज्जत राखायची हीच संधी, म्हणून सर गोडी मोजायचं मीटर घेऊन निघाले. साक्षीला मी.

शेडमधल्या ढिगातून इकडून तिकडून थोडी कलिंगडं कापून, मीटर लावून सर म्हणाले, सरासरी गोडी दहा ते बारा.

"जावईबापू, ह्यो तर अंदाज झाला. नक्की सांगा."

अंतर निम्मं करायचं तर चौपट कापावी लागतील, सर म्हणाले.

"कापा की. आमाला काय कमी हाय?"

कापली. कापलेली टाकायची कशी, म्हणून वस्ती जमली. साडेदहा ते साडेअकरा. अण्णांना तेही पटेना. पुन्हा चौपट! ऊन कलेपर्यंत शेडमध्ये नुसत्या साली, आणि आम्हाला कुणाला उठवेना.

सरांनी घाम पुसला. "अण्णा, अकरा. बरोब्बर अकरा. आता अंदाज नाही."

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. माल कुठंय, त्यानं विचारलं. अण्णांनी आमच्या पोटांकडं हात केला. "मालाचं ऱ्हाऊ द्या. सरासरी अकरा हाय. आमचा जावई लई हुशार!"

आता ते पाच टक्के. अण्णांच्या तोंडचं ते शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. अण्णा खरं काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण त्यात अंदाज अजिबात नव्हता.