पॅक डब्यातला कागद

डिस्क लावून, चालवून दाखवल्याशिवाय शलमोन भिंगारदिवे गिऱ्हाइकाला दुकानातून सोडत नसे. नगरच्या माळीवाडा स्टँडमागच्या गल्लीत त्याचा दहा बाय आठचा गाळा. काउंटरवर जुना टीव्ही, त्याला जोडलेलं गेमचं मशीन, आणि मागच्या फळ्यांवर वापरलेल्या गेमच्या डिस्क. आपली खेळून झालेली आणा, दुसरी न्या, वर थोडे पैसे टाका, असा एकोणीस वर्षांचा धंदा. बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. पोरगा मास्तर होईल, या आशेवरच म्हातारा गेला, आणि पोरगा डिस्क पुसत बसला. पुसायचा मात्र मन लावून. मऊ फडक्यानं, मधून कडेकडं. गोल गोल घासणाऱ्याच्या हातातून तो डिस्क काढूनच घ्यायचा.

"आरं, तवा हाय का त्यो?"

एखादी फुटबॉलची डिस्क राजूरला जायची, तिथून कुणाच्या पाव्हण्याबरोबर पारनेरला, आणि वर्षा-दीड वर्षानं पुन्हा याच्याच काउंटरवर. चरे पडलेली, पण चालणारी. शलमोन म्हणायचा, "आली बघा माहेराला." जिल्ह्यात एक गोष्ट ठरून गेली होती: शलमोनची डिस्क म्हणजे चालणारच.

पण नव्या मशीनला डिस्क घालायची फटच राहिली नाही. गेम विकत घ्यायची तीही घरबसल्या, इंटरनेटच्या तारेतून. खेळून झाली तरी ती दुसऱ्याला देता येत नाही, बदलून तर मुळीच मिळत नाही. पोरं दुकानात यायची, फळ्यांकडं जुन्या नाण्यांकडं बघावं तसं बघायची आणि विचारायची, "काका, मोबाईलचं कव्हर हाय का?" एस्तेरनं, त्याच्या बायकोनं, शेवटी दारात कव्हरांची माळ टांगली. घर त्या माळेवर चालायला लागलं. शलमोन त्या माळेला हात लावत नसे.

दिवाळीच्या आधी पुण्यातलं एक दुकान बंद झालं, तेव्हा त्यानं तिथला वीस डब्यांचा लॉट उचलला. क्रिकेटची नवी गेम, वर प्लॅस्टिकचं पॅकिंग जसंच्या तसं. पॅक माल काय चालवून बघायचा, असं म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं डबे न उघडता विकले. आठ गेले.

नववा गेला खर्ड्याच्या छगनला. छगननं तिथं एका खोलीत दोन टीव्ही मांडलेत. गावातली माणसं तासावर खेळायला येतात. आठवड्याभरात तो मित्राचा टेम्पो घेऊन परत हजर. डबा काउंटरवर ठेवून म्हणाला, "शलमोनभाऊ, ह्यात डिस्क कुठंय?"

"आसंल की आत."

"आत कागद हाय. म्या म्हनलं, लग्नाची पत्रिका दिली का काय मला."

कागदावर नंबर होता. नंबर मशीनमध्ये टाकला की गेम तारेतून उतरायची. पण तो एकदाच चालतो, आणि त्याची मुदतही उलटून गेलेली. छगन म्हणाला, "अन् चालला आसता तरी काय? नव्वद जीबी. आमच्याकडं लाईट टिकत न्हाई तेवढा येळ."

शलमोननं चष्मा लावला. डब्याच्या पाठीवर बारीक इंग्रजीत लिहिलं होतंच, की आत डिस्क नाही. त्यानं ब्लेड घेऊन दुसरा डबा फोडला. कागद. तिसरा. कागद.

एस्तेर हळूच म्हणाली, "आवो, बाकीचे ऱ्हाऊ द्या की पॅक. तुमाला कुनी फोडून दाखवले हुते?"

"म्हनूनच," तो म्हणाला, आणि अकराच्या अकरा डबे त्यानं फोडले, म्हणजे विकायचा मोहच नको.

मग फोन घेऊन आधीच्या आठ जणांना लावायला बसला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पहिला राहुरीचा करण.

"काका, ती व्हय? डबा म्या उघडलाच न्हाई. नवं मशीन घेतलं, त्यात गेम आपोआप येती. डबा शोकेसला ठिवलाय. भारी दिसतो."

"पैसे घिऊन जा तुझे."

"ऱ्हाऊ द्या ओ, काका."

दुसऱ्यानं मशीनच विकलं होतं. तिसऱ्याला कुठली गेम ते आठवेना. चौथा फोन शलमोननं लावला नाही. शिव्या खायची तयारी केली होती त्यानं, ह्याची नव्हती.

उठून त्यानं फळीवरची दोन वर्षांपूर्वीची क्रिकेटची डिस्क काढली, पुसली, लावून दाखवली. छगन खूश.

"झ्याक चालती. आता आसं हाय भाऊ, औंदा दोन टीव्ही वाढवतोय. टीव्हीच्या दुकानदाराला सांगून ठिवलंय, टेम्पो त्यासाठीच आनलाय. तुमी फकस्त दर साली नव्या डिस्का देत जावा."

'मिळंल' हा शब्द शलमोनच्या तोंडात बसलेला. एकोणीस वर्षं कुणाला दुसरं काही तो बोललाच नव्हता. एस्तेर कव्हरं पुसता पुसता थांबली. डिस्कसाठी येणारा एवढाच एक उरला होता, हे दोघांनाही ठाऊक.

"छगन," तो म्हणाला, "नगं घिऊ टीव्ही."

"का?"

"फुडं डिस्का येतील का न्हाई, मला सांगता येत न्हाई. आल्या तरी डब्यात कागदच निघायचा. फळीवर हायेत तेवढ्या ने. त्याच्याफुडं माझा भरवसा धरू नगंस."

छगननं मशीनमधली डिस्क काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुमीच आसं म्हनल्यावर झालंच की मंग."

"झालंच."

"टीव्हीवाल्याला काय सांगू? त्यानं माल काढून ठिवलाय."

"माझं नाव सांग," शलमोन म्हणाला. "म्हनावं, शलमोननंच नगं म्हनलं."