अण्णांच्या वर्षात आई कुठं कुठं गेली

अण्णा गेले आणि सोळाव्या दिवशी आईनं बॅग भरली.

रडणाऱ्या इमोजीवर बोट ठेवून बसलेल्यांनी ते जरा बाजूला घ्यावं. आज वडिलांना जाऊन वर्ष झालं, आणि मला थोडं भांडायचं आहे.

आमच्या भावकीत नवरा गेला की बाईनं वर्षभर उंबऱ्याच्या आत बसायचं. लग्न नाही, जत्रा नाही, प्रवास तर नाहीच.
बायको गेली तर पुरुषानं कुठं बसायचं, हे मी चौकशी करून पाहिलं. वडीलधारे अजून शोधताहेत.

आई म्हणाली, "मला अजिंठ्याला ने."

मीही आधी शहाण्यासारखाच बोललो. "आई, वर्ष जाऊ दे की."

"मी एकाहत्तरची आहे. माझे गुडघे वर्षभर थांबणार व्हय?"

संभाजीनगरात राहणाऱ्यांना हे माहितीय. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवणं हा आपला पार्टटाइम जॉब. अण्णांनी तो आयुष्यभर केला. गाडीत पाहुणे, पुढच्या सीटवर अण्णा, आणि घरी आई, सगळे परत येईपर्यंत पुरण वाटत.
"तू पुढच्या खेपेला," अण्णा म्हणायचे.
पन्नास वर्षांच्या संसारात ती खेप काही आली नाही.

अण्णा वाईट नव्हते. वाईट असते तर ही पोस्ट लिहायला सोपी गेली असती.
गाडीत कोण कुठं बसणार हे ठरवताना आई त्यांच्या डोक्यात यायचीच नाही, एवढंच. परत आल्यावर मात्र चप्पल काढायच्या आधी तिलाच हाक मारायचे.

तर, गेलो. फर्दापूरपासून बस, मग पायऱ्या. डोलीवाले मागं लागले.
"मला चौघांनी उचलायला अजून लई वेळ आहे," आई त्यांना म्हणाली आणि रेलिंग धरून चढली.

आत अंधारात ती एका चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, रंग बघतेय.
"तुझे अण्णा इतक्यांदा आले," ती म्हणाली. "एकदा बी सांगितलं नाय, की आत एवढं गार असतं."
मग डोळ्यांना पदर लावला. अण्णांसाठी की अण्णांवर, ते तिचं तिला माहीत.

माझ्या मुलीनं आजीचा गॉगलमधला फोटो स्टेटसला ठेवला. तासाभरात शेंद्र्याहून धाकट्या काकांचा फोन.
"काही लाज आहे का रे? माझ्या भावाची राख गार झाली नाय अजून!"

त्यांच्याच फोनवर मग आत्या आली. अण्णांची बहीण. बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून काकांकडंच.
"मी बसले व्हते ना वर्षभर कोपऱ्यात? मला काय झालं?"

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "काय झालं ते मी बघितलंय, वन्सं. म्हणून तर निघाले."

 पलीकडं काकांनी आत्याच्या हातातून फोन परत घेतला आणि ठेवणीतलं अस्त्र काढलं.
"पुन्हा बाहेर पडलात तर वर्षश्राद्धाला आमच्यातलं कुणी येणार नाय."

हे मात्र आईला लागलं. अण्णांच्या पिंडाला त्यांचा सख्खा भाऊ नसावा, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.
दोन दिवस नीट जेवली नाही.

महिन्याभरानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "धपाटे हंपीपर्यंत टिकतील ना रे?"

हंपी झालं. म्हैसमाळ आणि खुलताबाद तर भाजी आणायला जावं तसं दोनदा झालं. अमृतसरला लंगरच्या स्वयंपाकात पोळ्या लाटायला बसली आणि शेजारच्या सरदारीणबाईंना चक्क मराठीतून शिकवायला लागली. "कडेनं लाटा बाई, कडेनं."

परतीच्या गाडीत मात्र एकदम म्हणाली, "तुझे काका खरंच यायचे नाहीत का रे?"
"नाही आले तर?"
"नाही आले तर नाही. पण जिवाला लागेल."

आज सकाळी पैठणला, गोदावरीच्या घाटावर वर्षश्राद्ध झालं.

काका आले. सहकुटुंब.
मन वगैरे बदललं नव्हतं. 'सख्ख्या भावाच्या वर्षाला गेला नाही' हे भावकीकडून ऐकून घ्यायची तयारी नव्हती. काही का असेना, आईचा चेहरा उजळला.

पिंडदान उरकल्यावर काका तिच्याजवळ आले. आवाजात साय.
"वहिनी, झालं गेलं. आता वर्ष सरलं, खुशाल फिरा. फक्त निघायच्या आधी आम्हाला एक शब्द विचारत जा. घरातलं आता थोरलं पुरुषमाणूस म्हणून."

आईनं मान खाली घातली.
मला वाटलं, संपलं. दीर घाटावर आला, त्याची किंमत आता ती मोजणार.

आमच्याकडं वर्षश्राद्धाला, गेलेल्या माणसाच्या नावानं प्रत्येकानं खाण्यातली एक वस्तू कायमची सोडायची असते. आवडती सोडायची, असा नियम. गुरुजी एकेकाला पुढं बोलवत होते.
काकांनी शेपूची भाजी सोडली. ती त्यांनी जन्मात तोंडात घातलेली नाही.
मी कारलं सोडलं. मी तरी कुठं साधू आहे?

"आजी, तुम्ही?"

आईनं ओंजळीत पाणी घेतलं.
"मी विचारून जाणं सोडलं."

गुरुजी गडबडले. "अहो, हे खाण्यात बसत नाही."
"पन्नास वर्षं तेच खाल्लंय गुरुजी. बसवा."

काका एकदम नदीच्या पाण्याची पातळी बघायला लागले.

आत्या मागं उभी होती. सगळ्यांत मागं. ती गर्दीतून वाट काढत पुढं आली, खाली वाकली, ओंजळ भरली.
"गुरुजी," ती म्हणाली, "माझं बी तेच धरा."

अण्णा, उद्या आम्ही कन्याकुमारीला निघतोय. तुमची बायको, तुमची बहीण आणि सामान उचलायला मी.
तुम्ही असतात तर आधी चिडला असतात, आणि मग मुकाट्यानं स्टेशनवर सोडायला आला असतात. तेवढं मला माहितीय. तेवढ्यासाठीच उद्या स्टेशनवर एकदा मागं वळून बघेन.

तिथं सुखात राहा.
येतो आम्ही.