भुरीचं अंगण

धामणगाव बढे गावाबाहेर अंबूबाईंचं दीड एकर वावर आहे. वांगी, मेथी, मिरची असं काहीबाही त्यात बारमाही असतं. नवरा वारल्यावर त्या वावरातल्या दोन खोल्यांतच राहायला आल्या. मुलगा कुलदीप चिखलीला बियाण्यांच्या दुकानात कामाला, त्याचा संसार तिकडेच. इथे सोबतीला भुरी नावाची कुत्री. रानडुकरं शिरली की ती कुठल्या बांधावर आहेत, हे अंबूबाईंना भुरीच्या भुंकण्यावरून कळायचं.

भुरी अकरा वर्षांची असताना एका सकाळी अंगणातल्या पाइपाच्या भेंडोळ्याला धडकली. दुसऱ्या दिवशी पुढ्यात पडलेला भाकरीचा तुकडा तिला सापडेना, नुसती हुंगत राहिली. अंबूबाईंनी तिला ऑटोत घालून मोताळ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. दोन्ही डोळे गेलेत, वय झालंय, औषध नाही, असं सांगितलं. घरातलं सामान मात्र जागचं हलवू नका, म्हणजे तिला सवय होईल, असंही म्हणाले.

तेवढं अंबूबाईंनी पाळलं. बाज, पाण्याची टाकी, शेळीचा खुंटा, सारं जिथल्या तिथे. शेजारच्या वावरातल्या शंकररावांनी एकदा सायकल दारात लावली, तर ती त्यांना लगेच उचलायला लावली. महिन्याभरात भुरीला अंगण पाठ झालं. टाकीला अंग घासत यायची, बाजेच्या पायाशी वळायची आणि बरोबर उंबऱ्याशी येऊन बसायची. मिरच्या तोडताना अंबूबाई बोलत राहायच्या, म्हणजे तिला आवाजामागे येता यायचं. रोज बोलायला काय असणार? मग माहेरचं, जावांचं, नवऱ्याच्या आजारपणाचं सगळं त्यांनी भुरीला सांगून टाकलं. माणसांशी त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

दोन वर्षांनी त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हिरवी मिरची कोणती आणि लाल कोणती, कळेना. कुलदीपने चिखलीला ऑपरेशन ठरवलं, दहा दिवस तिथेच राहायचं म्हणून बजावलं. भुरीला शंकररावांवर सोपवून त्या गेल्या.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी कुलदीप एकटाच वावरात आला. आई परत येईल तेव्हा तिला कुठे ठेच लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. दोन मजूर लावून त्याने अंगण मोकळं केलं. टाकी मागच्या बाजूला, बाज खोलीत, खुंटा कुंपणापाशी, दारापुढे नवी फरशी. आई काही हलवू देत नाही ते भुरीसाठी, हे त्याला ठाऊक नव्हतं; ही तिची जुनी सवय आहे असंच तो समजत आला होता. शंकरराव त्या दिवशी लग्नाला मेहकरला गेले होते, नाहीतर त्यांनी अडवलं असतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा भाकर तशीच पडलेली होती आणि भुरी नव्हती. तिसऱ्या दिवशी ती त्यांना कोरड्या नाल्यात सापडली. मागचा पाय मोडला होता, अंगात उभं राहण्याचं त्राण नव्हतं.

फोन आला तसा अंबूबाईंनी काळा चष्मा लावला आणि कोणाचं न ऐकता एसटी धरली. घरी येऊन भुरीजवळ बसल्या, चष्मा काढला. कित्येक महिन्यांनी त्यांना ती स्वच्छ दिसत होती. तोंड पार पांढरं झालेलं, कानांच्या कडा झिजलेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"येवढी म्हातारी झाली होती तू," त्या म्हणाल्या, "अन् मले दिसलंच नाही."

भुरीने हात हुंगला आणि हनुवटी त्यांच्या तळव्यात ठेवली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. दोन दिवसांनी दुपारी ती गेली. शंकररावांनी बांधाकडेला खड्डा खणला.

कुलदीप आला तो अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. टाकी पुन्हा जागेवर ठेवतो, म्हणाला.

"राहू दे. आता कोनासाठी?" अंबूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी त्याला जवळ बसवलं. "तू माह्यासाठीच केलं. मले ठाऊक आहे."

तो नव्या फरशीवर बसून रडला. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. गावात कोणी विचारलं तर म्हातारी झाली होती, भटकली, एवढंच सांगायच्या. मुलाचं नाव त्यांनी कधी येऊ दिलं नाही.

उन्हाळ्यात नात काजल राहायला आली. भुरी लहानपणी कशी होती, तिने विचारलं. अंबूबाईंनी सांगितलं, की आणली तेव्हा ओंजळीत मावायची. पहिल्याच थंडीत ती हरवली, त्यांनी आणि आजोबांनी सारं शिवार पालथं घातलं, आणि संध्याकाळी कापूस भरायला घेतला तर ढिगातून जांभई देत बाहेर आली. सगळ्या अंगाला कापूस.

काजल पोट धरून हसली. अंबूबाईही हसल्या. मग मिरच्या तोडायच्या राह्यल्या म्हणून उठून गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.